अस्वलं बाबांनीच दाखवायची

३ मार्च

ताई,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही सगळे ठणठणीत आहोत. फोन केला असता, पण तुमचा फोन बाबांच्या खुर्चीला अगदी खेटून, आणि त्यांना इतक्यात कळू द्यायचं नाहीये. शिवाय फोनवर तू "हं, बरं, हं" याच्या पलीकडे काही बोलत नाहीस.

तर ऐक. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी मुलांना घेऊन चार दिवस येतेय. हे येणार नाहीत. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला सुट्टी मिळायची तर आधी शहरातल्या सगळ्या लोकांनी जिने चढायला शिकलं पाहिजे. त्या रविवारी आपण सगळ्यांनी प्राणीसंग्रहालयात जायचं. सबंध दिवस. आणि अस्वलं बाबांनीच दाखवायची. चौतीस वर्षं अस्वलांच्या पिंजऱ्यावर काढलेल्या माणसाची ही नातवंडं, आणि त्यांनी अस्वल बघितलंय ते बिस्किटांच्या पुड्यावर! मला लाज वाटते गं.

भोपूचे प्रश्न आत्तापासून सुरू झालेत. सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात इतकी जागा असते कुठे? अस्वल दात घासतं का, हे त्याने मला विचारलं, कारण आई कवळ्या बनवते म्हणजे तिला दातांतलं सगळं माहीत. मनीला फक्त जिराफ हवाय, तोही "छोटासा, माझ्याएवढा". चार पुरी व्हायची आहे, पण हट्ट चाळिशीतल्या बाईचा.

मी ठरवून टाकलंय. साडेसातला फाटकाशी. आधी अस्वलं, मग माकडं, ऊन चढायच्या आत हत्ती, मग सावली बघून डबा. उकडलेली अंडी, पाव-लोणी, काकडी. काकडी तिथेच चिरायची, नाहीतर पाणी सुटतं. बाबांनी आपल्याला कधी मागच्या दाराने आत नेलं नाही, आठवतं? "पोरींचं काम नाही तिथं." आता निवृत्त झालेत, निदान ओळखीवर पिंजऱ्याच्या जरा जवळ तरी नेतील.

लगेच उत्तर दे.

चिंगी

१४ मार्च

चिंगे,

पत्र मिळालं. मुलांचं वाचून हसले.

या, जरूर या. पण प्राणीसंग्रहालयाचं राहू दे. एप्रिलचं ऊन तुला माहीत आहे. रविवारी तिथे मुंगीला शिरायला जागा नसते. पूर्वीचं काही राहिलेलंही नाही, पाणघोडा दुसरीकडे नेला, माकडांच्या बेटाचं काम निघालंय. बाबांचे गुडघेही धड नाहीत. इतका वेळ उभं राहणं त्यांना झेपणार नाही.

त्यापेक्षा आपण घरीच राहू. समोर बाग आहे, झोपाळे आहेत. मी दुकानातून दोन दिवस सुट्टी घेईन. सध्या काचा घासायचं काम फार आहे, शाळेतल्या मुलांची डोळेतपासणी झाली आणि दीडशे चष्मे एकदम आले, पण मालक नाही म्हणणार नाहीत.

भोपूला सांग, अस्वल दात घासत नाही.

ताई

२२ मार्च

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ऊन, गर्दी, गुडघे, बेट. एवढी कारणं एका दमात द्यायची म्हणजे खरं कारण वेगळंच असतं.

मग मी काय केलं, परवा दुपारी तू दुकानात असताना फोन केला. बाबांनी उचलला. मी नुसतं "प्राणीसंग्रहालय" म्हटलं आणि त्यांचा आवाज असा फुलला! "ये की, घेऊन ये सगळ्यांना. मी म्हातारीला सांगून ठेवतो, कुणी पाहुणे आले की ती मागच्या पायांवर उभी राहते." गुडघ्यांचं नाव नाही. म्हातारी म्हणजे ती मोठी अस्वलीण ना? अजून आहे? मला वाटलं होतं कधीच गेली असेल.

ताई, रागावू नकोस, पण बोलतेच. आई गेल्यापासून बाबा तुझे झालेत. त्यांचं खाणं, औषधं, झोप, सगळं तुझ्या हातात, आणि ते तू निगुतीने करतेस, मला मान्य आहे. पण आम्ही आलो की तुझ्या घडीला सुरकुती पडते असं मला नेहमी वाटत आलंय. मी दोन दिवसांच्या अंतरावर राहते म्हणून मला त्यांच्याबरोबर एक दिवससुद्धा मागायचा हक्क नाही का?

तिकिटं काढलीत. सतराला पोचतो.

चिंगी

३० मार्च

चिंगे,

म्हातारी मेली त्याला अकरा वर्षं झाली.

आता सगळं सांगते. मागेच सांगायला हवं होतं. प्रत्येक वेळी वाटायचं, पुढच्या पत्रात लिहू, तोवर थोडे सुधारतील.

दीड वर्ष झालं. आधी चष्मा हरवायचे, मग किल्ल्या. मी म्हटलं, वय झालं. मग एकदा पहाटे पाचला जाग आली तर बाबा दाराशी उभे, अंगात तो जुना खाकी सदरा, हातात रिकामा डबा. म्हणाले, "भाकरीचं राहू दे, उशीर झालाय, जनावरं खोळंबली असतील." मी म्हटलं, बाबा, तुम्ही निवृत्त झालात. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी वेडंवाकडं बोलले. तेव्हापासून आठवड्यातून तीन-चारदा तेच. दोनदा खरोखरच तिथे जाऊन पोचले. तिथला आत्ताचा मुकादम बाबांच्याच हाताखाली शिकलेला, तो चहा पाजून आणून सोडतो. देवमाणूस आहे.

डॉक्टर म्हणतात, हे उलटं फिरत नाही, फक्त हळू किंवा जलद पुढे जातं. त्यांनी मेंदूचा फोटो दाखवला. मी चष्म्याच्या दुकानातली बाई, काचेतला ओरखडा मला लगेच दिसतो. त्या फोटोत मला काही दिसलं नाही.

तुझा फोन झाला त्या संध्याकाळी ते खुशीत होते. मी विचारलं, कुणाचा होता? म्हणाले, "ऑफिसातल्या बाईचा." मी म्हटलं, चिंगीचा असेल. तर म्हणाले, "चिंगी शाळेत नाही का?"

फोनवर ते छान बोलतात गं. कुणालाही कळणार नाही. म्हणून तुला कळलं नाही, यात तुझी चूक नाही.

घडीचं म्हणशील तर, माझ्या आयुष्यात आता घडी अशी काही नाही. तू येतेस म्हटल्यावर मला रडूच आलं होतं, आणि ते आनंदाने. पण तुला त्यांना असं बघायला लागू नये, असंही वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं.

ताई

५ एप्रिल

ताई,

काय लिहू? कवळ्यांचं मेण हातात वितळून गेलं तरी मी तशीच बसले होते. शेजारची म्हणाली, बाई, बोटं भाजतील.

मी तुला जे लिहिलं ते फाडून टाक.

मीही एक लपवलंय. ह्यांना बाहेरदेशी काम मिळालंय. मोठ्या इमारती, मोठ्या लिफ्ट, पाच वर्षांचा करार, मधे सुट्टी नाही. हे मे महिन्यात पुढे जातील, मी आणि मुलं जूनमध्ये. फोनवर सांगितलं असतं तर तू "हं, बरं" म्हणाली असतीस आणि मला कळलंच नसतं तुला काय वाटलं. म्हणून समोर बसून सांगायचं ठरवलं होतं.

पाच वर्षं, ताई. तुझं पत्र वाचल्यावर मी बोटांवर मोजलं आणि मग मोजायचं सोडून दिलं.

म्हणून म्हणते, तो एक रविवार मला दे. बाबा मला ओळखोत न ओळखोत, मुलांना एकदा त्यांना त्यांच्या जागी बघू दे. घरातल्या खुर्चीत बसलेला म्हातारा आठवणीत घेऊन जाऊ देऊ नकोस. आपण दोघी आहोत. तू बाबांना धर, मी मुलांना धरते. दोन बायका, तीन माणसं सांभाळायची. इतकंही जमणार नाही का आपल्याला?

चिंगी

९ एप्रिल

चिंगे,

ये. मुकादमाशी बोलले. तो म्हणाला, "गुरुजींना आणा, मी आहे." रविवारी दिवसभर ड्यूटीवर राहणार आहे. बाबांच्या खिशात पत्ता लिहून ठेवला आहे. खाकी सदरा धुऊन इस्त्री केलाय, तो घातला की ते शांत असतात.

पाच वर्षांचं नंतर बोलू.

ताई

२४ एप्रिल

ताई,

काल पोचलो. गाडीत दोन दिवस मी काय काय मनात लिहिलं आणि खोडलं. आपण निघताना नीट बोललोसुद्धा नाही. तू डबा हातात दिलास, मी घेतला, एवढंच.

त्या गर्दीत मी तुझ्यावर ओरडले, "तुला एक काम सांगितलं होतं!" ते शंभर लोकांनी ऐकलं. मनीची चप्पल मागे राहिली म्हणून ती आणायला तू चार पावलं गेलीस, वळून बघतेस तर मनी आणि बाबा दोघंही नाहीत. हे माझ्याही बाबतीत झालं असतं. मुळात भोपूला शू करायला घेऊन मीच गेले होते, आणि मुलं मी धरायची असं मीच तुला लिहिलं होतं. सकाळ इतकी छान गेली होती ना? बाबांनी भोपूला अस्वलाची नखं कशी कापतात ते सांगितलं, तो तोंड उघडं टाकून ऐकत होता. मला वाटलं, ताई उगाच घाबरते. म्हणून मी निर्धास्त झाले.

चाळीस मिनिटं. भोंग्यावरून सांगत होते, "पिवळा फ्रॉक, चार वर्षांची मुलगी," आणि मला ते दुसऱ्याच कुणाचं मूल वाटत होतं. हत्तींच्या खंदकात मी किती वेळा डोकावले. भोपू माझा पदर धरून एकच म्हणत होता, "आई, मी आता शू नाही करणार कधीच."

आता मला खरं सांग. मुकादम मनीला कडेवर घेऊन आला आणि तू नि तो बाजूला काहीतरी कुजबुजलात. मला सांगितलंत, "चारा-खाद्याच्या खोलीत होते, काकड्या चिरत बसले होते." पण मनी वेगळं सांगते. ती म्हणते, आजोबांनी मला अस्वलाच्या घरात नेलं. तिथे काळोख होता आणि घाण वास होता. अस्वल बाहेर झोपलं होतं, त्याचं पोट दिसत होतं. मी विचारलं, कुठून दिसत होतं, जाळीतून? ती म्हणाली, "नाही, दारातून."

कुठलं दार, ताई?

चिंगी

६ मे

चिंगे,

दोनदा लिहून फाडलं. लपवायचं होतं. पण मागे लपवलं त्याचं काय झालं ते आपण बघितलं.

नंतर मुकादमाने मला तिथे नेऊन सगळं दाखवलं, म्हणून मला नेमकं माहीत आहे. झुडपांमागे कामगारांचं फाटक आहे. त्याची कडी आतून असते, पण फटीतून बोट घालून एका बाजूने वर उचलली की निघते. ही खुबी चौतीस वर्षांत बाबांच्या बोटात गेली आहे. तिथून ते मनीला खाद्याच्या खोलीत घेऊन गेले. उलट्या बादलीवर बसवलं. काकड्या चिरल्या, तिच्या हातात दिल्या. इथवर तुला सांगितलं ते खरंच.

मग तिला अस्वलांच्या मागच्या खोलीत नेलं. अस्वलं दिवसा बाहेरच्या आवारात असतात, रात्री या खोलीत येतात. मधे लोखंडी दार असतं, साखळीने वरून खाली सोडायचं. माणूस खोलीत शिरायच्या आधी ते खाली सोडून खिळा घालायचा, हा पहिला नियम. बाबांनीच तो सगळ्यांना शिकवला. मुकादम म्हणतो, एकदा खिळा घालायचा राहिला म्हणून गुरुजींनी मला आठ दिवस कामावरून घरी बसवलं होतं.

दार वर होतं, चिंगे. उघडं होतं. बाबा खोलीतलं गवत उपसत होते आणि मनी दारात उभी राहून अस्वलाला काकडी दाखवत होती. अस्वल पंधरा हातांवर टाकीच्या सावलीत झोपलं होतं. उन्हामुळे उठलं नाही. बाकी काही नाही, ऊन होतं म्हणून. मुकादमाने मागून येऊन आधी साखळी सोडली, मग मनीला उचललं.  ही गोष्ट वर कळली तर त्याची नोकरी जाईल. म्हणून आम्ही कुजबुजलो.

मी बाबांना विचारलं. मी ओरडले, खोटं कशाला बोलू. बाबा, दार का नाही सोडलंत? ते जवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "चिंगीला आज कामावर नेलं होतं. कधीपासून मागे लागली होती. तुझ्या आईला सांगू नकोस."

मी काय करायचं? त्यांना शिक्षा करू? कुणाला करू?

तू मला माफ केलंस की नाही ते लिहू नकोस. लिहिलंस तर मी ते रोज काढून वाचत बसेन.

ताई

२ जून

ताई,

तुझं पत्र ह्यांना दाखवलं नाही. ते पुढे गेले, आणि मी ते पत्र बॅगेच्या अस्तरात ठेवून दिलं. कितीतरी दिवस मनी झोपली की तिच्या शेजारी जाऊन नुसती बसायचे. तुझ्यावर रागवायचं म्हटलं तर राग येत नाही, बाबांवर म्हटलं तर बाबा आहेत कुठे रागवायला? मग भांडी आपटते. नव्या घरी न्यायची अर्धी भांडी चेपली आहेत.

तुला मदत करायला हवी त्याच वेळी मी उठून निघालेय. हे मला कळतं. पण ह्यांनी करारावर सही केलीये, मुलांची शाळा ठरलीये, आणि इथलं घर पंधरा तारखेला सोडायचंय. मला काहीच करता येत नाहीये. तू सांग, मी काय करू? सांगशील ते करीन, असंही लिहवत नाही, कारण करणार नाही हे दोघींना माहीत आहे.

एकच मागते. अठरा तारखेला आमची गाडी तुमच्या स्टेशनवर थांबते. सकाळी नऊ चाळीसला, आठ मिनिटं. इंजिनापासून तिसरा डबा. तू बाबांना घेऊन येशील? खिडकीतून बघू. आठ मिनिटं तर आठ मिनिटं. मी दारात उभी राहीन.

चिंगी

१८ जून, दुपार

चिंगे,

तू दारात उभी राहिली असशील. आम्ही का आलो नाही ते आजच लिहून तुझ्या नव्या पत्त्यावर टाकते. नाहीतर पाच वर्षं तू काहीतरी भलतंच मनात धरून बसशील.

आम्ही निघालो होतो. साडेआठलाच. स्टेशन पंधरा मिनिटांवर, तरी मी तासाहून जास्त वेळ ठेवला होता. मुलांसाठी दोन पुस्तकं घेतली होती, ती या पत्राबरोबर पाठवते. बाबांना काल रात्रीच सांगून ठेवलं होतं, चिंगी जाणार आहे. सकाळी पुन्हा सांगितलं. त्यांनी स्वतः केस विंचरले.

फाटकातून एकदा टोपीसाठी मागे फिरलो. मग बूट आपले नाहीत म्हणाले, ते बदलले. तरी वेळ होता. कोपऱ्यावर टपालपेटी आहे ना, तिच्यापाशी पोचलो आणि ते खाली बसले. फुटपाथवरच. मी म्हटलं, बाबा, उठा, गाडी येईल. ते म्हणाले, नाही. का नाही? नाही. गोड बोलून झालं, चिडून झालं. मग मी हात धरून ओढलं. हो, ओढलं. लोक बघत होते. एक टॅक्सीवाला थांबला, आम्ही दोघांनी मिळून उचलायला बघितलं, तर बाबा किंचाळले आणि त्याच्या हाताला चावायला धावले. तो बिचारा म्हणाला, "बाई, राहू द्या, मला भीती वाटते."

नऊ वीस झाले होते. आणि चिंगे, माझ्या मनात आलं, यांना इथेच सोडावं आणि धावत सुटावं. दहा मिनिटांत पोचले असते. तुला, मुलांना बघितलं असतं. मी पळायला लागलेसुद्धा. औषधांच्या दुकानापर्यंत गेले. मागे बघितलं तर ते रस्त्याच्या कडेला पाय पसरून बसले होते आणि गाड्या त्यांच्या पायांना वळसा घालून जात होत्या.

परत आले. त्यांचे पाय आत घेतले. त्यांच्या शेजारी खाली बसले.  नऊ चाळीस झाले, मग पंचेचाळीस.

गाडीची शिट्टी आमच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू येते. बाबांनी मान वर केली. "गेली वाटतं," म्हणाले.

"हो, गेली," मी म्हटलं.

"मग आता घाई नाही," असं म्हणून ते आपले आपण उठले, मागची धूळ झटकली आणि घराकडे चालायला लागले. इतके झपाझप, की त्यांना गाठायला मला धावावं लागलं.

ताई